अपंग माणूस आणि परक्यांची नजर

हावडा हे रेल्वेचे अखेरचे स्थानक आहे. 15 ऑगस्ट 1854 रोजी येथून हुगळीपर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली, आणि आजची तांबड्या विटांची इमारत 1905 साली वापरात आली. रूळ येथेच संपत असल्यामुळे फलाटांची तोंडे सपाट प्रांगणात उघडतात. दादर किंवा कल्याणसारख्या वाटेवरच्या स्थानकात एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्यासाठी जसा जिना चढावा लागतो, तसा तो येथे सहसा चढावा लागत नाही. मोटारी थेट फलाटालगत येऊ शकतील असा रस्ताही या स्थानकात आहे. ज्याचे पाय अधू आहेत अशा प्रवाशाच्या दृष्टीने ही रचना मोठ्या सोयीची होय. तरीही या प्रांगणातून दोनशे पावले चालून जाणे त्याला जड वाटते. या जडपणाचे कारण त्याच्या पायांत जेवढे असते तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक, भोवतालच्या गर्दीत असते.

समजा, चाळिशीतला एक कारकून बर्धमानची गाडी पकडण्यासाठी या प्रांगणात शिरला आहे. त्याच्या उजव्या पायात कॅलिपर आहे, म्हणजे गुडघा वाकू नये म्हणून लावलेला धातूच्या सळ्यांचा व चामडी पट्ट्यांचा आधार. काखेत कुबडी आहे. समोरून येणारी माणसे प्रथम त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात, मग पायाकडे, आणि मग घाईने तिसरीकडेच. एक लहान मूल थबकून एकटक पाहत राहते. त्याची आई दंडाला धरून त्याला ओढून नेते. कोणी वृद्धा ‘आहा रे!’ असे पुटपुटते. बाकावर बसलेला एक गृहस्थ ओळखदेख नसताना विचारतो, ‘पायाला काय झाले? जन्मापासूनच का?’ उत्तर मिळण्याआधीच त्याच्या शेजारचा एका तेलाचे नाव सांगतो, आणि तिसरा एका देवस्थानाचे. कारकून दमून क्षणभर भिंतीला टेकतो, तोच कोणी एक प्रवासी चालता चालता त्याच्या हातावर नाणे ठेवून पुढे निघून जातो. यांपैकी एकानेही त्याचे वाईट चिंतलेले नाही. पण डब्यात बसेपर्यंत पायांना जेवढे श्रम झाले, त्याहून अधिक श्रम त्याला आपला चेहरा सांभाळताना झालेले असतात.

बंगाली भाषेत समोरच्याला संबोधण्याच्या तीन पायऱ्या आहेत: आपनि, तुमि आणि तुई. अनोळखी प्रौढ माणसाला ‘आपनि’ म्हणणे हा साधा शिष्टाचार आहे. तथापि कुबडी दिसताच कित्येकांच्या तोंडी आपोआप ‘तुमि’ येते, जसे मराठीत ‘अहो’चे ‘अरे बाळा’ होते. माणसाचे वय, त्याची नोकरी, त्याचा संसार हे सर्व एका क्षणात गळून पडते आणि तो लहान मूल होतो. हा बदल बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ऐकणाऱ्याच्या मात्र तो ताबडतोब ध्यानात येतो.

2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी चलनवलनाचे अपंगत्व असणाऱ्यांची संख्या 54 लाखांच्या वर होती. एवढ्या मोठ्या समूहाला रोज जे काम करावे लागते, म्हणजे परक्यांच्या प्रतिक्रियांना तोंड देणे, त्याचा विचार वैद्यकाच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. पायाला कोणता आधार लावावा हे तज्ज्ञ सांगतात. तो लावून बाजारात गेल्यावर काय करावे हे ज्याचे त्याला शिकावे लागते.

एका रोगाचा शेवट

या विषयाच्या संदर्भात हावडा जिल्ह्याला एक वेगळे स्थान आहे. रानटी पोलिओ विषाणूने झालेला भारतातील शेवटचा रुग्ण याच जिल्ह्यातील एका खेड्यात आढळला. ती दोन वर्षांच्या आतबाहेरची एक बालिका होती, आणि तिच्या आजाराची तारीख 13 जानेवारी 2011 अशी नोंदली गेली. त्यानंतर तीन वर्षे देशात असा एकही रुग्ण न आढळल्यामुळे 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, आणि त्यात अर्थातच भारताला, पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. 1995 साली देशभर सुरू झालेल्या ‘दोन थेंबां’च्या मोहिमेचे हे फळ होते.

पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या पुढील भागात असलेल्या, स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या पेशी नष्ट करतो. आज्ञा थांबली की स्नायू सुकतो आणि वाढत्या वयात तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड व बारीक राहतो. स्पर्शज्ञान मात्र शाबूत असते. बुद्धीला तर या रोगाचा स्पर्शही होत नाही. ही एवढी माहिती सर्वसामान्यांना असती, तरी पोलिओ झालेल्या माणसाशी मोठ्याने व तोडून तोडून बोलण्याची सवय निदान निम्म्याने कमी झाली असती.

पोलिओ गेला याचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी जवळजवळ प्रत्येक गल्लीत, प्रत्येक शाळेत पोलिओने पाय गेलेले एखादे मूल असे. वर्गातील मुले त्याला चिडवीत हे खरे, पण ती त्याच्याबरोबर खेळतही; त्याचा कॅलिपर त्यांच्या परिचयाचा असे. आता ती मुले प्रौढ झाली आहेत, आणि आजच्या शाळकरी पोराने कॅलिपर कदाचित कधी पाहिलेलाच नसतो. रोग हटल्याचा आनंद निर्विवाद आहे. परंतु ज्यांना तो पूर्वी होऊन गेला, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या नवलाच्या नजरा उतारवयात कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. त्यांच्या जोडीला आता मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतः बाधित असलेले, रस्त्यावरील अपघातात कणा दुखावलेले, मधुमेहामुळे पाय कापावे लागलेले असे इतर लोक आहेत. प्रत्येकाची चाल निराळी, आणि पाहणाऱ्याचा प्रश्न मात्र एकच.

माणसे टक लावून का पाहतात

गर्दीत वावरणाऱ्या माणसांचा एक अलिखित करार असतो. समोरून येणाऱ्याकडे क्षणभर पाहायचे, त्याच्या अस्तित्वाची दखल घ्यायची आणि मग नजर काढून घ्यायची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 साली या वागणुकीचे वर्णन केले. तिला मराठीत ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणता येईल. हावड्याच्या पुलावरून रोज लक्षावधी माणसे एकमेकांना न बोलता ओलांडतात ती या कराराच्या बळावरच. अपंग व्यक्तीच्या बाबतीत हा करार दोन्ही बाजूंनी मोडतो. काही लोक नजर काढीतच नाहीत, तर काही मुळी दखलच घेत नाहीत; ते असे पाहतात की जणू तेथे कोणी नाहीच. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक बोचतो असे सांगणारे पुष्कळ आहेत.

मानसशास्त्रज्ञांनी यावर काही प्रयोग केले आहेत. 1966 साली रॉबर्ट क्लेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यक्तीला चाकाच्या खुर्चीत अशा प्रकारे बसविले की तिचा एक पाय नाही असे वाटावे. मग त्यांनी काही लोकांना तिच्याशी संभाषण करण्यास सांगितले. तीच व्यक्ती साध्या खुर्चीत धडधाकट बसलेली असताना झालेल्या संभाषणांशी तुलना केली, तेव्हा असे दिसले की चाकाच्या खुर्चीसमोर बोलणारे लोक संभाषण लवकर आटोपते घेत होते, अवघडून बसत होते, आणि आपली खरी मते बाजूला ठेवून वेगळीच मते व्यक्त करीत होते. म्हणजे अपंग माणसाला जगाकडून नुसत्या नजराच मिळतात असे नाही, तर गुळमुळीत आणि अप्रामाणिक बोलणेही मिळते. त्याच्याशी कोणी वाद घालीत नाही. ही सवलत दिसायला मोठी गोड. पण ज्याच्याशी कोणी कधी वादच घालीत नाही त्याला आपल्या म्हणण्याचे वजन कळणार कसे?

दुसरा प्रयोग 1976 सालचा, एलेन लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांचा. लोकांना अपंग व्यक्तीजवळ बसावयाचे होते. त्यांपैकी काहींना आधी तिला काचेआडून, तिच्या नकळत, मनसोक्त पाहू दिले. ज्यांना अशी संधी मिळाली ते नंतर तिच्या अधिक जवळ जाऊन बसले. ज्यांना मिळाली नाही ते अंतर राखून बसले. याचा अर्थ उघड आहे. टक लावण्यामागे पुष्कळदा दुष्टावा नसतो. डोळ्यांना सवय नसलेले दृश्य समजून घेण्याची धडपड असते, आणि ‘पाहू नये’ हा संस्कार तिला आड येतो. या दोहोंच्या ओढाताणीत सापडलेला माणूस पाहतो, दचकतो, आणि दूर सरकतो. मुलाला ओढून नेणारी आई त्याला याच दचकण्याचा पहिला पाठ देत असते. तिने जर मुलाला तेथेच सांगितले असते, ‘काकांच्या पायात बळ कमी आहे म्हणून ते काठी घेतात,’ तर मूल बहुधा पुढच्याच क्षणी आगगाडीचे इंजिन पाहू लागले असते.

परंतु सर्वच दोष डोळ्यांच्या अनोळखीपणावर ढकलता येणार नाही. डोळे पाहतात त्याला अर्थ मन देते, आणि ते अर्थ फार जुने आहेत. आपल्या कथांतील मंथरा कुबडी आहे. लोकांच्या कल्पनेतील शकुनी लंगडत चालतो. वाकलेले शरीर म्हणजे वाकडी बुद्धी, असे समीकरण लहानपणीच मनात रुजते. त्याच्या जोडीला पूर्वजन्मीच्या कर्माची समजूत असतेच. ‘जन्मापासूनच का?’ हा प्रश्न निव्वळ माहितीसाठी विचारला जात नाही. त्यामागे पुष्कळदा दोष कोणाचा हे ठरविण्याची इच्छा असते. अष्टावक्राची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या सभेत आला तेव्हा सभासद हसले, आणि जे केवळ कातडी पारखतात ते चांभार होत असे उत्तर त्याने दिले, अशी लोककथा आहे. कथा ऐकणारे त्या उत्तरावर खूश होतात. त्या उत्तरात अपमानाचा भार दुसऱ्याच एका कष्टकरी जातीच्या माथ्यावर टाकला गेला आहे, हे मात्र कोणाला सलत नाही.

आणखी एक कारण मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्फी यांनी पुढे आणले. कण्यातील गाठीमुळे त्यांचे शरीर हळूहळू लुळे होत गेले, आणि त्या अनुभवाचा अभ्यास त्यांनी 1987 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. त्यांच्या मते अपंग माणूस समाजाच्या उंबरठ्यावर अडकलेला असतो: तो धड आजारी नाही, धड निरोगीही नाही. आजाऱ्याशी कसे वागावे हे लोकांना ठाऊक असते. चौकशी करावी, फळे न्यावीत, बरे होण्याची वाट पाहावी. निरोगी माणसाशी कसे वागावे हेही ठाऊक असते. उंबरठ्यावरच्या माणसासाठी रीतच ठरलेली नाही. म्हणूनच परका मनुष्य त्याला कोणत्या तरी ज्ञात कप्प्यात ढकलू पाहतो: ‘बरे होईल ना?’ असे विचारून रुग्णाच्या, किंवा नाणे देऊन भिकाऱ्याच्या.

नाण्याविषयी येथे थोडे अधिक सांगावयास हवे. मोठ्या स्थानकांवर कुबडी आणि भिक्षा यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे, आणि हावडा त्याला अपवाद नाही. हावडा शहराला स्वतःलाच या नजरेचा अनुभव आहे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या दॉमिनिक लापिएर यांच्या ‘सिटी ऑफ जॉय’ या पुस्तकामुळे येथील पिलखाना ही वस्ती जगभर पोहोचली. लेखकाने आपल्या मानधनाचा मोठा भाग सेवाकार्याला दिला हे खरे आहे. पण दूरदेशीच्या वाचकाच्या मनात हे गाव ओतशाळांचे, तागाच्या गिरण्यांचे, कारागिरांचे गाव म्हणून उभे न राहता कणव यावी असे एक चित्र म्हणून उभे राहिले, अशी तक्रार पुष्कळांनी केली. हातावर नाणे ठेवल्या गेलेल्या कारकुनाची तक्रार याहून निराळी नाही.

उत्तर देण्याच्या रीती

परक्यांच्या प्रतिक्रियांना तोंड देण्याची एकच योग्य रीत नाही. अनुभवी माणसे दोन-चार उत्तरे तयार ठेवतात आणि प्रसंग पाहून त्यांतले एक काढतात. प्रश्नाला लहानसे, पूर्ण उत्तर देणे ही सर्वांत कमी श्रमाची रीत होय: ‘लहानपणी पोलिओ झाला होता.’ एवढे बोलून विषय बदलावा, पाच क्रमांकाच्या फलाटावर गाडी लागली का असे उलट विचारावे. विचारणाऱ्याला आपली उत्सुकता भागल्याचे समाधान मिळते, आणि पायाऐवजी गाडी हा संभाषणाचा विषय होतो. लहान मुलांना नेहमी खरे उत्तर द्यावे; त्यांचे प्रश्न सरळ असतात आणि उत्तर मिळाले की संपतात. मोठ्यांना उत्तर देण्याचे बंधन मात्र कोणावरही नाही. ‘ते सांगण्याची आता इच्छा नाही’ हेही सभ्य उत्तर आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्याने विचारले की सांगितलेच पाहिजे असा संकेत असल्यामुळे हे वाक्य उच्चारणे जड जाते, विशेषतः स्त्रियांना. तिला तर पायापाठोपाठ लग्नाविषयीही विचारले जाते.

विनोद हे चांगले साधन आहे, पण ते महागही पडते. समोरच्याचा अवघडलेपणा घालविण्यासाठी अपंग व्यक्तीने स्वतःवरच विनोद करावा, अशी अपेक्षा हळूहळू तयार होते. गॉफमन यांनीच दाखविल्याप्रमाणे, अशा भेटीत धडधाकट माणसाला मोकळे वाटावे याची जबाबदारी बहुधा अपंग माणसावरच येऊन पडते. रोज सकाळी दहा अनोळखी लोकांना मोकळे करायचे, आणि मग कचेरीत जाऊन कामाला लागायचे! दहाव्या माणसावर कोणी खेकसला तर तो त्या दहाव्याचा अपराध नसतो. पण खेकसणाऱ्याचाही तो स्वभावदोष मानता येणार नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न मदतीचा. हावड्यात मदतीला धावणारे हात पुष्कळ आहेत, आणि त्या हातांनी होणारे अपघातही होतात. कुबडीवर चालणाऱ्याचा दंड मागून एकदम पकडला, तर त्याचा तोल त्या दंडावरच असल्यामुळे तो पडतो. चाकाची खुर्ची पायऱ्यांवरून नेताना कोणी हातांच्या आधाराला धरून उचलली, तर सुटे होणारे ते आधार हातात येतात आणि खुर्ची खाली राहते. म्हणून मदत नाकारण्यापेक्षा ती आपल्या ताब्यात घेणे शहाणपणाचे. ‘दादा, दंड सोडा, मी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो.’ ‘खुर्ची सांगाड्याला धरा, एकाने मागे, एकाने पुढे, मी सांगेन तेव्हाच उचला.’ असे मोजके, स्पष्ट शब्द वापरले की मदत करणाराही सुखावतो, कारण नेमके काय करावे हे त्याला कळत नसते. नको असेल तेव्हा ‘नको, जमते मला’ एवढे हसून सांगावे आणि ते दुसऱ्यांदा सांगताना हसू नये.

सोबती बरोबर असला की आणखी एक गोष्ट घडते. तिकीट-खिडकीवरचा माणूस, दुकानदार, कधी कधी डॉक्टरसुद्धा अपंग व्यक्तीला वगळून सोबत्याला विचारतात: ‘यांना कोठे जायचे आहे?’ येथे उपाय सोबत्याच्या हाती असतो. त्याने उत्तर न देता ज्याचा प्रश्न त्याच्याकडे पाहावे. आईवडिलांना हे सर्वांत कठीण जाते. ज्या मुलाच्या वतीने त्यांनी पंधरा वर्षे उत्तरे दिली, त्याच्या सोळाव्या वर्षी गप्प बसणे त्यांना जमत नाही.

याच्या अगदी उलट प्रतिक्रिया म्हणजे अविश्वास. मुंबईच्या लोकलगाड्यांत अपंगांसाठी राखीव डबा असतो. पँटखाली कृत्रिम पाय झाकलेला तरुण त्यात चढला की ‘तुम्ही तर चांगले दिसता’ असे म्हणून त्याच्याकडे दाखला मागितला जातो. पाय दिसला तर दया, न दिसला तर संशय!

विमानातून उतरविलेली प्रवासी

परक्याच्या नजरेला अधिकाराची जोड मिळाली म्हणजे काय होते याचे उदाहरण कलकत्त्यातच घडले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जीजा घोष या कलकत्त्याच्या कार्यकर्त्या जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने बाधित आहेत. या विकारात हालचालींवरचा ताबा कमी होतो व उच्चार अस्पष्ट होतात. बुद्धी तल्लख असू शकते. कलकत्त्यात 1974 साली सुरू झालेल्या, आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेशी त्यांचा दीर्घकाळ संबंध आहे. 19 फेब्रुवारी 2012 रोजी त्या गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. ही परिषद मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेने भरविली होती. मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचेच हे नवे नाव.

घोष स्पाइसजेटच्या विमानात आपल्या आसनावर बसल्यानंतर कर्मचाऱ्यांनी त्यांचा प्रवेशपास मागून घेतला आणि त्यांना खाली उतरण्यास सांगितले. त्यांची प्रकृती प्रवासास योग्य दिसत नाही असा समज करून घेण्यात आला होता. डॉक्टरचा सल्ला कोणी घेतला नाही. खुद्द घोष आपण ठीक असल्याचे सांगत होत्या, पण त्यांचे सांगणे विचारात घेतले गेले नाही. त्यांची परिषद हुकली. वस्तुतः अपंग प्रवाशांना कसे न्यावे याविषयी नागरी विमान वाहतुकीचे नियम 2008 सालीच झालेले होते. घोष आणि ‘अडॅप्ट’ यांनी दाखल केलेल्या अर्जावर 12 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि विमान कंपनीने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश केला. माणसाची प्रतिष्ठा हा हक्क आहे, कोणाच्या कृपेचा विषय नव्हे, हा या निकालाचा गाभा होता.

या प्रकरणातील प्रतिक्रिया हावड्याच्या फलाटावरच्या प्रतिक्रियांपेक्षा मुळात वेगळी नव्हती. हालचाल निराळी दिसली. ती आजार मानली गेली. आणि जिला विचारायला हवे होते तिला वगळून निर्णय झाला. फलाटावर यातून एक अनाहूत सल्ला निघतो, विमानात हुकूम निघाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा अधिनियम संमत केला आणि तो 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. त्याच्या 92 व्या कलमान्वये, सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या हेतूने जाणूनबुजून तिचा अपमान करणाऱ्यास किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. ही तरतूद माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण रस्त्यावर हेतुपुरस्सर चिडविणारे व धमकावणारेही भेटतात. पण कायदा हेतू पाहतो. नाणे देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि त्याच्या हाताला कायदा धरू शकत नाही.

नजरा कोठे बदलतात

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कंबरेखालील भागाच्या पक्षाघाताने गाठले. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. अशा संस्थेच्या आवारात, जेथे चाकाच्या खुर्च्या डझनांनी फिरतात, नजरांचा हिशेबच उलटा होतो. तेथे पाहुणा म्हणून आलेला, दोन पायांवर चालणारा माणूसच बावरतो, आणि पहिल्या तासाभरानंतर त्याचे बावरणे संपते. लँगर यांच्या काचेआडच्या प्रयोगात जे काही मिनिटांत घडले, तेच येथे घडते.

पण सर्वांनी संस्थेच्या आवारात राहावे हा उपाय होऊ शकत नाही. नजरेला सवय व्हावयाची ती रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात व्हावयास हवी, आणि त्यासाठी अपंग माणसाला तेथवर पोहोचता आले पाहिजे. येथे एक चक्र फिरताना दिसते. पायऱ्या, उंच पायदाने आणि अरुंद दारे यांमुळे लोक घरात राहतात. ते घरात राहतात म्हणून रस्त्यावर दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून एखादा दिसला की सारे वळून पाहतात. आणि त्या पाहण्याला कंटाळून तोही पुन्हा घरात राहतो. कठडे व उतार बांधणे हे अभियंत्याचे काम आणि नजरा सुधारणे हे शिक्षकाचे, अशी वाटणी केली जाते ती यामुळेच फसवी ठरते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशीच्या रूपात न ठेवता बंधनकारक करावेत असे केंद्र सरकारला सांगितले. अर्ज करणारे रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत.

हावड्यात या चक्राला एक लहानसा छेद गेला आहे. मार्च 2024 मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड ही मेट्रो सुरू झाली. ती हुगळी नदीच्या पात्राखालून जाते, आणि हावडा मेट्रो स्थानक जमिनीखाली फार खोल असल्यामुळे उद्वाहकांवाचून तेथे पुष्कळांचे भागत नाही. कुबडीवाला कारकून आता धडधाकट प्रवाशांबरोबर त्याच उद्वाहकाच्या दारात उभा राहतो. तेथे ‘दादा, आगे जान’ म्हणून पुढे सोडणारे भेटतात, आणि धक्का देऊन आत शिरणारेही. धक्का खाल्ल्यावर तोही इतरांसारखाच दोन शब्द सुनावतो, आणि त्याच्याशी भांडायला कोणी कचरत नाही.

स्थानकासमोरच्या नौकाघाटावर मात्र अजून नदीचाच अंमल चालतो. हुगळीला भरती-ओहोटी असल्यामुळे तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो. भरतीच्या वेळी त्याच्यावर नेणारा लोखंडी पूल जवळजवळ सपाट असतो. ओहोटीला तो इतका उतरता होतो की चाकाची खुर्ची मागच्या बाजूने, दोघांनी धरून, पाऊल पाऊल खाली घ्यावी लागते. नदीपलीकडे जाऊ इच्छिणारा अनुभवी प्रवासी म्हणून घरातून निघण्यापूर्वी पाणी चढते आहे की उतरते आहे याची चौकशी करतो.